युवक मंडळ आणि शीलसंवर्धन
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव म्हणजे गेल्या वर्षांचा हिशेब मांडण्याचा दिवस. जे उभे राहिले त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानणे उचितच होय. परंतु बांधणारे हात एक दिवस थकतात. त्यानंतर हा वारसा कोण सांभाळणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून युवक मंडळाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

नाताळात गव्हाणी उभारणारे व सणाला मंडप घालणारे, एवढीच युवक मंडळाची ओळख पुष्कळ ठिकाणी असते. ही कामे हलकी नव्हेत. पण पेटीची किल्ली व जमाखर्चाची वही जोवर वडिलांच्याच हाती राहते, तोवर तरुण हुकूम पाळावयास शिकतील, जबाबदारी वाहावयास नव्हे. ‘पोरे अजून लहान आहेत’ असे आपण म्हणतो. निदान नंदुरबारात तरी हे म्हणताना जीभ अडखळावी. १९४२ साली ९ सप्टेंबर रोजी याच शहरात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला आणि गोळीबारात पडला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे त्याचे सोबतीही त्याच दिवशी हुतात्मा झाले. त्या मुलांना लहान कोण म्हणेल?

असे प्रसंग रोज येत नाहीत, व येऊही नयेत. शील मात्र रोजच्या लहान कामांत घडते. इटलीतील तुरीन शहरी संत जॉन बॉस्को यांच्या आश्रयास असलेल्या डोमिनिक साव्हिओ या चौदा वर्षांच्या मुलाने १८५६ साली आपल्या सोबत्यांसह एक मंडळी स्थापन केली. नव्याने आलेल्या एकाकी मुलास सोबत करावयाची, व्रात्य मुलास माया लावून वळणावर आणावयाचे, हे त्यांचे काम. पुढच्याच वर्षी डोमिनिक वारला. १९५४ साली त्यास संतपद मिळाले. गुरूंनी मार्ग दाखविला, पण ओझे मुलांच्या खांद्यावर टाकण्यास ते भ्याले नाहीत.

येथे माझी एक चूक कबूल करतो. पूर्वी एका मंडळाचा मी सल्लागार होतो. वहीत अकरा रुपयांचा फरक निघाला. मी चारचौघांत खजिनदाराला बोललो आणि वही काढून घेतली. पुढे तो फरक माझ्याच बेरजेत निघाला! परंतु पुढल्या रविवारी सभेस दोघेच आले, व तो मुलगा पुन्हा कधीच आला नाही. अकरा रुपये सापडले, मुलगा हरवला.

आता आपल्या परिसराकडे वळू. दिवाळी सरली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत जातात. त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. काही घरांत दारूने सुख नासविले आहे. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ साली तरुण कामगारांची चळवळ उभी केली, तिची रीत तीन पायऱ्यांची होती: पाहणे, पारखणे आणि कृती करणे. तिचाच अवलंब आपल्या मंडळाने करावा. कोणत्या घरची मुले जाणार, हे आधी पाहावे. एखादे मूल आजीजवळ राहून शिकू शकेल काय, हे घरच्यांशी बसून पारखावे. आणि राहिलेल्यांचा अभ्यास संध्याकाळी घ्यावा, परतलेल्यांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचवावे. या कामात मुलींना मुलांइतकेच पुढे असू द्यावे. चहा करण्यापुरते त्यांना बोलावू नये.

तरुणांनो, पुढारीपण म्हणजे व्यासपीठावरील खुर्ची नव्हे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हाच आपणांस पुढारीपणाचा अर्थ कळला. दिलेली वेळ पाळा, घेतलेल्या पैचा हिशेब द्या, चूक झाली तर लपवू नका.

आणि वडीलजनहो, आपणांस एकच विनंती. या महोत्सवाची भेट म्हणून मंडळाची किल्ली तरुणांच्या हाती द्या. त्यांच्या हातून चुका होतील. तेव्हा त्यांच्याजवळ बसा, पण वही हिसकावून घेऊ नका. प्रभू आपणां सर्वांस ते धैर्य देवो.