'दिसलं नाही' आणि 'नाही'



कोरोनाच्या टाळेबंदीत नाइलाज म्हणून मी पुण्यातल्या घरून, लॅपटॉपसमोर बसून स्वमग्नता आणि एडीएचडीची मूल्यमापनं करू लागले. नाइलाज संपला, काम मात्र वाढत गेलं. ते कसं करायचं याची शिस्त आपण मानसशास्त्रज्ञांनी अजून एकत्र बसून ठरवलेली नाही, म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

लोणार तालुक्यातल्या एका घरातला प्रसंग आईच्या परवानगीने सांगते. मुलगा साडेतीन वर्षांचा. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मुलगा पाठमोरा बसून स्टीलचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होता. मी तीनदा हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. पण अनोळखी बाईचा आवाज फोनमधून आल्यावर वळलंच पाहिजे असं कुठे आहे? म्हणून आईला हाक मारायला सांगितलं. तिलाही त्याने ओ दिली नाही. मग म्हटलं, "ताई, त्याचा आवडता खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा त्याच्यापुढे सरकवा. तुम्ही काही बोलू नका." झाकण निघेना तेव्हा त्याने आईचं मनगट धरलं, तिचा पंजा झाकणावर नेऊन ठेवला आणि डब्याकडेच पाहत राहिला. तिच्या चेहऱ्याकडे एकदाही नाही. "असंच करते मॅडम," आई म्हणाली, "त्याले माहा हात पायजे, मी नाही."

माझ्या इतक्या वर्षांच्या टिपणांत याहून नेमकं वाक्य नाही. हेच मूल रात्रभर एसटीत बसून पुण्याला आलं असतं तर माझ्या खोलीत तासभर रडलं असतं, आणि मी प्रवासाने शिणलेल्या मुलाचं रडणं तपासलं असतं.

त्याच दिवशी मी एक चूक करता करता वाचले. "तोंडाने एकसारखा आवाज काढतो का?" असं विचारलं, तर आई म्हणाली, "आताही काढून राह्यला नं." मला काहीच ऐकू येत नव्हतं. कॉलचं ॲप त्याची गुणगुण पंख्याची घरघर समजून पुसून टाकत होतं. तिच्या फोनमधली ती सोय बंद करायला लावली, आणि एकाच सुरातला लांबलचक 'ऊं' माझ्या खोलीत आला. मी विचारलं नसतं तर अहवालात 'आढळलं नाही' असं लिहून मोकळी झाले असते.

'दिसलं नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे. दूरस्थ कामात हा फरक विसरला, की मुलाचं आयुष्य वेगळ्या वाटेला लागतं.

नजरेचंच घ्या. मूल पडद्यावरच्या माझ्या डोळ्यांकडे पाहतं, तेव्हा मला ते खाली पाहताना दिसतं, कारण कॅमेरा वर असतो. कॉलवरून नजरभेटीवर मत देणं मी सोडून दिलं आहे. बाबा कामावरून घरी आले, मावशी आली, तेव्हा मूल काय करतं याच्या घरच्या चित्रफिती मी मागवून घेते.

साधनांचंही तसंच. एडॉस-२ ही स्वमग्नतेची निरीक्षण-चाचणी एकाच खोलीत, समोरासमोर वापरण्यासाठी बेतलेली आहे. ती कॉलवर घेऊन गुण मांडणं चूक आहे. कॉलसाठी तज्ज्ञांनी वेगळी साधनं केली आहेत. व्हॅण्डरबिल्ट विद्यापीठातल्या 'टेली-एएसडी-पीड्स'मध्ये लहानग्यांशी खेळतात ते पालक, आपण नुसतं पाहतो. आपल्याकडच्या 'आयएसएए' या स्वमग्नतेच्या मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत आणि ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. त्यातला प्रत्येक मुद्दा एका कॉलमध्ये कसा दिसेल? व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने बुद्धिमत्ता चाचणी आपलीशी केली, ती मुलाच्या हातात वस्तू देऊन करण्याची आहे. कार्डं कॅमेऱ्यासमोर धरून बुद्ध्यंक काढू नका.

प्रौढांच्या एडीएचडीचं काम त्या मानाने कॉलवर चांगलं होतं, पण तिथे घाई फार बोकाळली आहे. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची हवीत, हा निकष आहे. म्हणजे आईशी बोलायला हवं, जुनं प्रगतिपुस्तक मागवायला हवं. 'हुशार आहे, पण वर्गात तंद्रीत असते' हा चौथीतल्या बाईंचा शेरा कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मला मोलाचा वाटतो. झोप, थायरॉइड, चिंता, घरातला छळ, हे सगळं चाळून पाहायला हवं. अर्ध्या तासात फॉर्म भरून घेऊन निदान हातात ठेवणं याला मी मूल्यमापन म्हणणार नाही.

एक कबुली देते. सुरुवातीच्या काळात नऊ वर्षांच्या एका मुलीचं लक्ष उत्तम आहे, असं मी लिहून दिलं होतं. फोनच्या मागे उभे राहून वडील तिला खुणा करत होते, हे वर्षभराने कळलं. त्या मुलीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. तेव्हापासून आधी खोली फिरवून दाखवायला सांगते, आणि एका बैठकीवर कधीच थांबत नाही.

पडद्यावरचं काम संपतं, तिथे जिल्ह्याचं काम सुरू व्हायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्याची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं नेमकी अशा मुलांच्या पुढच्या तपासणीसाठी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाचीच पायरी चढावी लागते, आपल्या अहवालावर ते मिळत नाही. मेथिलफेनिडेटसारखं औषधही टेलिमेडिसिनच्या नियमांत कॉलवरून लिहून देता येत नाही. हे पालकांना पैसे घेण्याआधी सांगा.

लोणारच्या त्या मुलाच्या अहवालात मी 'काय पाहता आलं नाही' असा वेगळा परिच्छेद लिहिला: श्रवणचाचणी, नजरभेट, बरोबरीच्या मुलांतलं वागणं. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी तोच आधी वाचला आणि तिथूनच तपासणी सुरू केली. ऐकू व्यवस्थित येतं हे कळलं, प्रत्यक्ष भेटीत स्वमग्नतेचं निदान पक्कं झालं. आता आई घरीच त्याच्याशी डब्या-झाकणाचा खेळ खेळते, झाकण उघडण्याआधी त्याने तिच्याकडे पाहावं म्हणून थांबते.

सहकाऱ्यांनो, उद्यापासून तो परिच्छेद आपल्या प्रत्येक अहवालात असू द्या, एवढीच माझी विनंती आहे.