पासिंगच्या आधी फोकस



गाडी पासिंगला न्यायची म्हटलं की टायर आठवतात, ब्रेक आठवतात, हॉर्न, पीयूसी, मागचे लाल रिफ्लेक्टरसुद्धा आठवतात. हेडलाइटचं मात्र आपण एवढंच बघतो, की दोन्ही लागतात ना? लागतात, तरीही गाडी नापास होते. दिवा लागतो की नाही याबरोबर त्याचा उजेड कुठे पडतो हेही तिथे तपासलं जातं. गॅरेजवाल्यांच्या भाषेत, फोकस वर गेलेला असतो.

वाहतुकीच्या गाड्यांना पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. घरच्या मोटारीवर ही वेळ १५ वर्षांनी येते, म्हणून तिथे गाफीलपणा जास्त.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०६वा नियम उजेड कुठे पडतो याच गोष्टीचा आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. हा माणूस म्हणजे समोरून येणाराच. आपण डावीकडून चालतो, तो आपल्या उजव्या हाताला येतो.

आता थोडा हिशेब. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि डिप्परचा झोत १ टक्का उतरता आहे, असं धरा. म्हणजे दर मीटरला १ सेंटिमीटर खाली. ५० मीटरवर उजेडाची वरची कड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर राहते. रस्ता दिसतो, समोरच्याला त्रास नाही. हाच दिवा फक्त एका अंशाने वर गेला, तर तीच कड १ मीटरच्या वर चढते. तिथे समोरच्या लहान मोटारीची काच असते. एक अंश म्हणजे स्क्रूचे काही आटे, किंवा एक तुटलेली प्लॅस्टिकची पकड.

म्हणून फोकस बिघडला की लगेच स्क्रू पिळायला घेऊ नका. आधी तो का बिघडला ते बघा. बंपरला धक्का लागल्यावर दिव्याचा कान तुटून तो नुसता अडकलेला असतो. मागचे पाटे बसले की गाडीचं नाक वर होतं. आणि सगळ्यात जास्त वेळा घोळ असतो तो बल्बचा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ बल्ब असतो. त्यात डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. वर जाणारा उजेड ती अडवते. बल्बच्या तीन कानांपैकी रुंद कान वर बसला पाहिजे. घाईत वाकडा बसवला, तर उजेड भलतीकडेच फाकतो आणि मग स्क्रू कितीही फिरवा, जमत नाही.

हे सगळं ठीक असेल, तर काम घरचं आहे. सपाट जमीन आणि समोर भिंत हवी. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी रिकामी, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस. डॅशबोर्डवर दिवे वरखाली करायचं चाक असेल, तर ते शून्यावर. गाडी भिंतीला भिडवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची खूण खडूने करा, मग सरळ ५ मीटर मागे या. डिप्पर लावा. उजेडाची कड खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. काही दिव्यांवर किंवा बॉनेटखाली १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. तिथे ६ सेंटिमीटर धरा. दिव्याच्या मागे सहसा दोन स्क्रू असतात, एक वरखाली करायचा, दुसरा डावी-उजवीकडे. एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यावर पुठ्ठा धरा.

कड सरळ रेषेत नसते, हे लक्षात घ्या. उजवीकडे ती आडवी असते आणि मध्यापासून डावीकडे वर चढते, म्हणजे रस्त्याकडेचा पादचारी आणि पाटी दिसावी. स्वस्तात मिळाला म्हणून उजव्या बाजूने वाहतूक असणाऱ्या देशाचा दिवा बसवलात, तर हा चढ उलट्या बाजूला पडेल. तो कुठल्याही स्क्रूने सुटत नाही.

पासिंगच्या केंद्रावर फोकस तपासायचं यंत्र म्हणजे वेगळं काही नाही. पेटीत एक भिंग आणि आत पडदा. दूरच्या भिंतीवर जे दिसलं असतं, तेच त्या छोट्या पडद्यावर दिसतं. उजेड किती आहे हेही त्यावर कळतं, म्हणून पिवळी पडलेली काच आधी पॉलिश करून घ्या.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. पासिंगपुरता जुना बल्ब लावायचा आणि गेटबाहेर आल्यावर पुन्हा पांढराशुभ्र एलईडी चढवायचा, ही चलाखी सर्रास चालते. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडीचा उजेड बरोबर त्याच जागेवरून निघत नाही, त्यामुळे कड पुसट होते आणि चकाकी वाढते. इन्स्पेक्टर फसतो, पण रात्री घाटात समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याचे डोळे दिपतात. मला ही फसवणूकच वाटते.

टेम्पोवाल्यांना वेगळं सांगतो. रिकाम्या गाडीवर बसवलेला फोकस मागे माल भरला की वर जातो. डॅशबोर्डवरच्या चाकाची सोय असेल तर ते फिरवा, नसेल तर माल पुढच्या बाजूला नीट विभागून भरा.

आणि हे काम पासिंगच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. चार दिवस आधी करा. स्क्रू गंजून बसलेला असेल, तर तो सोडवायला तेवढा वेळ लागतो.