पारध आणि मचाण



शिमगा आटोपला, पानें गळून रानांतल्या वाटा उघड्या पडल्या, म्हणजे सह्याद्रीच्या कडेनें वसलेल्या गांवांतून पूर्वीं पारधीची दवंडी फिरत असे. आदल्या रात्रीं देवळापुढें मंडळी जमत. कोणतें रान धरावयाचें, वारा कोणीकडचा, हांका कोठून उठवावयाचा आणि नेमबाज कोणत्या खिंडींत बसवावयाचे, हें जाणत्यांनीं ठरवावयाचें, आणि इतरांनीं निमूटपणें ऐकावयाचें. दुसऱ्या दिवशीं घरटीं एक गडी निघे, व त्याच्या मागोमाग त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगाही निघे.

मुलाच्या हातीं प्रथम हत्यार येत नसे. काठी किंवा रिकामा डबा येई. त्यानें हांकेकऱ्यांच्या ओळींत चालावयाचें, उजव्या-डाव्या बाजूच्या माणसावर नजर ठेवावयाची, ओळ मोडावयाची नाहीं, आणि डुक्कर उलटलेंच तर कोणत्या झाडाचा आश्रय घ्यावयाचा हें आधीं पाहून ठेवावयाचें. वाटेंत कोणी वडीलधारा मातींतला खूर दाखवी : हा सांबराचा, हा भेकराचा, हा आजचा, हा परवांचा. संध्याकाळीं वांटे पडत. ज्याच्या हातून जनावर पडलें त्याचा मान अर्थातच मोठा. परंतु दिवसभर नुसतें ओरडत चाललेल्या पोरालाही वांटा मिळे, आणि तो घेऊन घरीं जातांना त्याला आपण गांवचे झालों असें वाटे. कोणत्याही शाळेंत इतक्या स्वस्तांत इतकी शिस्त शिकविली गेली नसेल.

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या दक्षिण अंगास कर्जत, श्रीगोंदें, जामखेड हा माळरानांचा मुलूख आहे. येथली शिकारीची शाळा निराळी होती. ती फांसेपारधी कुटुंबाची. जमिनींत खुंट्या ठोकून फांसे ओळीनें मांडावयाचे, आणि बायकामुलांनीं दुरून वळसा घालून काळविटांचा कळप त्या बाजूस असा वळवावयाचा, कीं आपण वळविले जात आहों हें कळपाला कळूं नये. डोंगरांतल्या हांक्याप्रमाणें येथें गोंगाट करून भागत नसे. कळप बुजला कीं दिवस फुकट. गायपारधी शिकविलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जात. तित्तराचा आवाज काढून तित्तर बोलावणारा मुलगा तर पारध्यांच्या पालांत नवलाचा नव्हता. आणि अशा या लोकांना इंग्रज सरकारनें कायद्याच्या छत्राखालीं जन्मतःच गुन्हेगार ठरविलें! तो कलंक कायद्यांतून पुसला गेला १९५२ सालीं. लोकांच्या मनांतून तो अजून पुरता गेला आहे असें म्हणवत नाहीं. माळरानाच्या विद्येचे जे आचार्य, त्यांचीं नांवें पोलिसांच्या हजेरीपटावर होतीं.

या काठीवाल्यांनीं आणि फांसेवाल्यांनींच रानें ओसाड केलीं, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. लांब पल्ल्याची बंदूक आली, मोटार आली, रात्रीं जनावराचे डोळे दिपविणारा झोत आला, आणि सावजाला पळावयास जागाच उरली नाहीं. संस्थानिकांचा शौक निराळाच. कोल्हापूर दरबारीं काळविटांच्या शिकारीसाठीं चित्ते पाळीत. पण या देशांतील रानचा चित्ताच पुढें उरला नाहीं. शेवटचे म्हणून गणले गेलेले तीन चित्ते मध्य हिंदुस्थानांतील कोरियाच्या राजानें १९४७ सालीं मारले, आणि १९५२ सालीं ती जात देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ च्या मध्यवर्ती कायद्यानें शिकारीचें दारच बंद केलें. आज काळवीट मारणारास तीन ते सात वर्षांची कैद आहे. काळविटांसाठीं कर्जत तालुक्यांत रेहेकुरीचें अभयारण्य १९८० सालीं झालें. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. पुष्कळ गांवांचें शिवार त्याहून मोठें असतें.

कायदा झाला हें योग्यच झालें. त्याविषयीं दुमत नको. परंतु शिकार थांबली त्याबरोबर ती शाळाही मिटली, आणि तिच्या जागीं दुसरी कोणी काढली नाहीं. याचा परिणाम पाहावयाचा असेल तर उत्तरेस प्रवरेच्या कांठीं जावें. कालवे आले, साखर कारखाने आले, मैलोगणती ऊंस उभा राहिला, आणि त्या उंसांत बिबट्या राहूं लागला. अकोल्याच्या खोऱ्यांत विद्या अत्रेय यांनीं केलेल्या अभ्यासांत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे आढळले, तेही जंगलांत नव्हे, माणसांच्या वस्तींत. आणि त्यांच्या आहारांत मोठा वांटा गांवच्या कुत्र्यांचा. अशा मुलखांत एखाद्या सकाळीं बिबट्या विहिरींत पडला किंवा गोठ्यांत शिरला, कीं घटकेंत शेंकडों तरुण जमतात. काठ्या असतात, आरोळ्या असतात, प्रत्येकाच्या हातीं छायाचित्र टिपण्याचा फोन असतो. हाही एक हांकाच. पण ह्याला ओळ नाहीं, नायक नाहीं, वाऱ्याचा विचार नाहीं, आणि जनावराला सुटावयास मोकळी ठेवलेली वाट नाहीं. जुना हांकेकरी ही गर्दी पाहून कपाळाला हात लावील. कोंडलेलें जनावर समोरच्यालाच फाडणार, हें तो आपल्या पोराला पहिल्याच दिवशीं सांगत असे.

अमेरिकेंतील अनेक राज्यांत मुलांच्या शिकारीचे दिवस राखून ठेवलेले असतात. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं मुलगा बंदूक धरतो. तेथें हरिणें कोट्यवधि आहेत, म्हणून तें चालतें. आपल्याकडे तो दाखला लागू पडत नाहीं. आपल्या उपयोगाचा दाखला पौर्णिमेचा आहे. वैशाखी पौर्णिमेला बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यांतील अयोध्या डोंगरावर संथाळांची सेंद्रा नांवाची सामुदायिक शिकार भरत आली आहे. त्या डोंगरावर गेल्यावांचून तरुण पुरता पुरुष झाला असें जुने लोक मानीत नसत. तेथल्या रात्रीच्या सभेंत जमातीचे तंटेही तुटत. शिकारीला आतां मनाई असल्यानें दरवर्षीं वनखात्याची आणि जमातीची तेथें ओढाताण चालते. आणि नेमक्या त्याच पौर्णिमेला, ज्या रात्रीला आपण बुद्धपौर्णिमा म्हणतों, महाराष्ट्रांतील अभयारण्यांतून पाणवठ्यांवर मचाणें बांधलीं जातात, व शहरांतील तरुण मुलें-मुली त्यांवर रात्रभर बसून पाण्यावर येणारीं जनावरें वहींत टिपतात.

पूर्वीं या टिपणांवरून जनावरांची मोजदाद धरीत. एकच प्राणी दोनदां पाणी पिऊन गेला तर तो दोन ठरे; तेव्हां तें काम आतां झाडाला बांधलेले कॅमेरे करतात, आणि मचाणाची रात्र केवळ निसर्गाचा अनुभव म्हणून राहिली आहे. ‘केवळ’ म्हणून तिला हलकें लेखूं नये. बोलावयाचें नाहीं, अत्तर लावावयाचें नाहीं, पांढरे कपडे घालावयाचे नाहींत, उजेडापूर्वीं खालीं उतरावयाचें नाहीं : हे सारे नेम खिंडींत बसणाऱ्या शिकाऱ्याचेच आहेत. बंदूक तेवढी वजा झाली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा प्रारंभ तरी कसा झाला? बालपणीं छऱ्याच्या बंदुकीनें त्यांनीं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणत्या जातीची हें विचारावयास ते १९०८ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि तेथल्या मिलार्डसाहेबांनीं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें त्यांच्यापुढें उघडलीं.

मचाणावर उणीव आहे ती जाणत्याची. वर बसणारीं मुलें शहरांतलीं, सोबतीला वनरक्षक. आणि ज्याच्या बापजाद्यांनीं हीं रानें पायांखालीं घातलीं तो पारधी, कोळी किंवा ठाकर बहुधा कुंपणाबाहेर. कर्जतच्या माळावर एखाद्या वृद्ध पारध्याला त्या मुलांजवळ बसविलें, तर काळविटें किती आलीं हें तो प्रथम विचारणार नाहीं. तीं कोणत्या बाजूनें आलीं, पाण्याला तोंड लावण्यापूर्वीं किती वेळ उभीं राहिलीं, आणि पुढें मादी होती कीं नर, हें विचारील. वहींत त्याकरितां रकाने नसतात. ते आंखून घ्यावे लागतील. त्या रात्रीबद्दल त्याला शिक्षकाच्या हिशेबानें मानधन द्यावें, वाटाड्याच्या मजुरीनें नव्हे. आणि त्याच्या बरोबर त्याच्या वस्तींतलीं चार मुलेंही मचाणावर चढूं द्यावींत.