वस्तऱ्याचं वंगण



कवीला बोलायला बोलावलं की तो पाऊस, चंद्र नाहीतर आई यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असते. मी मात्र आज बोलणार आहे दाढीच्या साबणावर. नेमकं सांगायचं तर, उघड्या वस्तऱ्याचं पातं आणि माणसाची कातडी यांच्या मधे काय असावं, यावर.

चिखलीहून खामगावकडे जाताना आमचं अमडापूर लागतं. बल्लाळदेवीचं गाव. आमच्या घरी दर शुक्रवारी सकाळी न्हावीमामा यायचे. बगलेत धोकटी, तिच्यात दोन वस्तरे, पथरी, चामड्याचा पट्टा, कात्री, नराणी, पाण्याची वाटी आणि साबणाची वडी. अब्बांना दाढी होती. मग वस्तरा कशाला, असं कुणी विचारेल. तर दाढी राखणाऱ्यालाच वस्तरा जास्त नेमका लागतो. गालावरची रेघ आणि गळ्याखालची हद्द सरळ ठेवावी लागते. त्याला आमच्याकडे खत बनवणं म्हणतात. जुम्म्याच्या नमाजाआधी अब्बा अंगणात पाटावर बसून मान वर करायचे आणि मामा वस्तरा उघडायचे.

१९९२ च्या डिसेंबरात देशभर वातावरण तापलेलं होतं. शुक्रवार आला. अम्मीनं हळूच विचारलं, आज मामा येतील का? मामा नेहमीच्या वेळी आले. गरम पाण्याचा तांब्या मागितला. अब्बांनी नेहमीसारखी मान वर केली. दोघंही त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

पुढे मामांची नजर अधू झाली आणि हे काम माझ्याकडे आलं. मी शहरातून फेसाचा डबा आणला. बटण दाबलं की तळहातावर पांढराशुभ्र ढग. तो अब्बांच्या गालावर थापला आणि मामांसारखाच वस्तरा चालवायला गेलो. फेसाखाली रेघ दिसेना. गळ्यापर्यंत पोचेस्तोवर फेस सुकून गेला होता. पातं अडखळलं आणि रक्ताची बारीक धार निघाली. अब्बांना मधुमेह होता. तेवढीशी जखम भरायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मला एकही कविता सुचली नाही, हे वेगळं सांगायला नको.

मी मामांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, “बापू, फेस दाखवाले असते. वस्तऱ्याले फेस नाई लागत, ओल लागते.”

या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. केस कोरडा असताना चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. मग तो कापायला कितीतरी कमी जोर लागतो. जोर कमी, तर पातं घसरण्याची भीतीही कमी. म्हणजे पहिलं वंगण पाणीच. कोमट पाण्यात पिळलेला पंचा गालावर धरून ठेवायचा, घाई करायची नाही. साबण, मलम, तेल यांचं काम त्यानंतरचं. ही ओल टिकवायची आणि पात्याला सरकायला वाट द्यायची.

आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात. तिथे दोन्ही बाजू निर्जीव असतात, हयगय झाली तर चाक कुरकुरतं. इथे एका बाजूला लोखंड आणि दुसऱ्या बाजूला माणूस आहे. म्हणून निवड डोळसपणे करावी.

अंगाचा साबण यासाठी बरा नाही. साबण मुळात अल्कधर्मी आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी. शिवाय अंगाच्या साबणाचा फेस लवकर विरतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे क्षार असतात, त्यामुळे फेस दाट आणि टिकाऊ होतो. त्यात ग्लिसरीन असलं तर ते पाणी धरून ठेवतं. ब्रशला पाणी सढळ लावावं. फेस दह्यासारखा ओलसर, चकाकणारा हवा. कापसासारखा फुगलेला नको. डब्यातल्या फेसात बराचसा वायूच असतो.

तेलाची गोष्ट वेगळी. कोरड्या केसाला आधी तेल लावलं तर पाणी आत शिरायला अडथळा होतो. म्हणून आधी भिजवणं, मग खोबरेलाचे दोन-तीन थेंब आणि वरून पातळ फेस. खत बनवताना रेघेवर फेस नकोच. तिथे पाणी आणि तेलाचा पातळ थर, नाहीतर पारदर्शक जेल पुरतं, कारण तीळ, मस, पुळी, सुरकुती सगळं डोळ्यांना दिसलं पाहिजे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा थंडीत ते तळहातावर चोळून घ्यावं. जवसाचं तेल हवेनं चिकट होतं, मोहरीचं चुरचुरतं. दोन्ही टाळावीत. आणि मूठ व कातडी ताणायची बोटं मात्र कोरडी ठेवावीत. गालाला हवं असलेलं वंगण हाताला लागलं की तेच घात करतं.

आणखी एक. पेपरमिंटचा गारवा देणारी मलमं फार खपतात. तो गारवा खरा नसतो. मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, एवढंच. वस्तरा वापरताना कातडी जी तक्रार करते ती आपल्याला ऐकू आली पाहिजे. दुखणं झाकणारं वंगण मी घेत नाही.

पण वंगण कितीही चांगलं असलं तरी ते बोथट पात्याची भरपाई करत नाही. पातं पट्ट्यावर परजलेलं हवं, गालाशी साधारण ३० अंशांचा कोन हवा आणि हात केसांच्या कलानं चालायला हवा. फेस सुकला तर पुन्हा लावावा. सुकलेल्या जागेवर आणखी एक हात मारण्याचा मोह आवरावा.

तुरटीचंही सांगतो. तुरटीनं बारीक कापल्याचं रक्त थांबतं, पण तुरटी म्हणजे निर्जंतुक करणारं औषध नव्हे. एकाच खड्यानं दहा गाल पुसणं धोक्याचं. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस तरी तग धरू शकतो. ब्रशचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला होता, काहींचा जीवही गेला. म्हणून दुकानात बसलात तर नवं ब्लेड आपल्यासमोर लावून घ्यावं. तुरटी आणि ब्रश स्वतःचा नेला तर उत्तम. यात न्हाव्याचा अपमान नाही. चांगला कारागीर उलट खूश होतो.

मामांच्या हाताखाली मी फुग्यावर साबण लावून वस्तरा चालवायला शिकलो. पाच-सहा फुगे फुटले, मग एक टिकला. त्यानंतर अब्बांना माझ्या हातून एकदाही लागलं नाही. २०१८ मध्ये अब्बा गेले. त्या आधीचा शुक्रवारही आम्ही चुकवला नव्हता. आयुष्यभर माझ्याशी मोजकंच बोलणारे अब्बा गळ्यावर वस्तरा असताना डोळे मिटून घ्यायचे. मला वाटतं, एवढं त्यांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं.

आता मामांची दाढी मी करतो. त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत आणि अशा माणसाला उघडा वस्तरा लावू नये. डॉक्टरांनीच मशीन वापरायला सांगितलं. त्याला ना फेस लागत, ना तेल. मामा कुरकुर करतात, “हे काय लावलं बापू, गवत कापाचं यंत्र?”

मान मात्र वर करतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)