प्रवासाचे पॉइंट आणि घरची वही

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह आणि उद्योग ह्या विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने नेहमी होतात. त्या मालिकेत प्रवासखर्चासारखा विषय मांडणे काहीसे किरकोळ वाटेल, ह्याची मला जाणीव आहे. तथापि थोडा विचार केल्यास हा विषय आपल्या ज्ञातीच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे असे दिसून येईल. आपण पद्मशाली मंडळी मागावर बसून काम करणारी खरी, परंतु माग मिळेल तेथे जाणारीही आहोत. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा ह्या भागांतून आपले पूर्वज निघाले. कोणी सोलापुरास स्थिरावले, कोणी सुरतेस गेले, कोणी येथे भिवंडीस येऊन पद्मानगरात राहिले. त्यामुळे आपल्या घरातील प्रत्येक लग्न, बारसे आणि दहावा दोन राज्यांत विभागलेला असतो. मुलीचे सासर सोलापुरास, आजोळ वरंगळकडे आणि कुलाचाराचे दर्शन तिरुपतीस, अशी आपली स्थिती आहे. वर्षभरात ह्या येण्याजाण्यावर किती द्रव्य खर्च होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल. सुताचा दर आपणांस पैशापर्यंत पाठ असतो. प्रवासाचा खर्च मात्र कोणत्याच वहीत उतरत नाही.

अलीकडे ह्या खर्चाला एक नवी शेपटी फुटली आहे. बँकेचे कार्ड, विमानकंपनी, रेल्वेचे तिकीट, डिझेलचा पंप, ज्याच्याकडे जावे तो आपणांस ‘पॉइंट’ देतो. तरुण मंडळी ते मोठ्या उत्साहाने जमवितात. वडीलधारी त्याकडे फसवणूक म्हणून पाहतात. माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

प्रथम ही पद्धत आली कोठून, ते पाहू. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याच दुकानी यावे म्हणून खरेदीच्या प्रमाणात काही खूण द्यावयाची, ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १८९६ साली एका कंपनीने दुकानदारांमार्फत हिरवी तिकिटे वाटण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकाने ती पुस्तिकेत चिकटवावीत आणि पुस्तिका भरली की त्या बदल्यात वस्तू न्यावी, अशी ती व्यवस्था होती. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने तीच कल्पना मैलांच्या हिशेबाने मोठ्या प्रमाणावर राबविली आणि पुढे जगभरातील विमानकंपन्यांनी ती उचलली. आपल्या भिवंडीत ज्यांच्या मालमोटारी आहेत, त्यांस तेलकंपन्यांच्या कार्डांवर मिळणारे पॉइंट ठाऊकच असतील. तत्त्व सर्वत्र एकच आहे.

आता पॉइंट म्हणजे नेमके काय? ते नाणे नव्हे आणि बँकेतील ठेवही नव्हे. ते कंपनीने दिलेले अभिवचन आहे आणि त्या अभिवचनाच्या अटी बदलण्याचा अधिकार बहुधा तिने स्वतःकडेच राखून ठेवलेला असतो. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा प्रवाशांनी वर्षानुवर्षे साठविलेले पॉइंट कागदावरच राहिले. ह्याउलट विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या प्रवाशांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग करण्यात आले. म्हणजे सावकार टिकला तर हुंडी वटते, तो बुडाला तर हुंडीही बुडते. एवढे ध्यानात आले की पहिला नियम आपोआपच सिद्ध होतो : पॉइंट साठवून ठेवण्यासाठी नसतात, वापरण्यासाठी असतात. त्यांस व्याज चढत नाही, मुदत मात्र असते.

दुसरा नियम असा की प्रत्येक पॉइंटाचे मोल पैशांत काढता आले पाहिजे. उदाहरणादाखल एक हिशेब घेऊ. विमानाच्या एका तिकिटास रोख ४,८०० रुपये पडतात असे समजा. तेच तिकीट ६,००० पॉइंट आणि वर करापोटी ९०० रुपये देऊन मिळते. ४,८०० मधून ९०० वजा केले की ३,९०० उरले. त्यांस ६,००० ने भागले असता एक पॉइंट ६५ पैशांचा झाला. त्याच ६,००० पॉइंटांच्या बदल्यात दीड हजार रुपयांची भेटवस्तू घेतली, तर तो पॉइंट २५ पैशांचा ठरतो. वस्तू तीच, मोल निम्म्याहूनही कमी. जो माणूस तागा मोजून घेतल्याशिवाय पावती करीत नाही, त्याने हा साधा भागाकार का करू नये?

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. जो खर्च आपण एरवीही करणारच होतो, त्यावर मिळालेला पॉइंट हाच खरा लाभ होय. पॉइंटासाठी केलेला खर्च हा लाभ नसून किंमत आहे. आणि कार्डाची संपूर्ण रक्कम मुदतीत फेडता येत नसेल, तर ह्या वाटेला जाऊच नये. अनेक कार्डांवर थकबाकीस दरमहा साडेतीन टक्के किंवा त्याहूनही अधिक व्याज लागते. पन्नास हजारांची रक्कम महिनाभर राहिली तर साडेतीन टक्क्यांनी १,७५० रुपये व्याज झाले. त्याच पन्नास हजारांवर शेकडा एक रुपयाच्या हिशेबाने पॉइंट मिळाले असतील, तर ते ५०० रुपयांचे. पाचशे मिळविण्यासाठी साडेसतराशे देणाऱ्यास व्यापारी म्हणता येणार नाही. यंत्रमागधारकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२४ सालापासून काही बँकांनी वीजबिलाच्या ठरावीक मर्यादेपुढील भरण्यावर एक टक्का आकार लावण्यास सुरुवात केली आहे. कारखान्याचे मोठे बिल कार्डाने भरले म्हणजे पॉइंट मिळतीलच, असे गृहीत धरू नये.

हे सारे सांभाळण्याचा उपाय म्हणजे वही. कोणत्याही साध्या वहीत सात रकाने आखावेत : योजनेचे नाव, खाते कोणाच्या नावे, जमा, खर्च, शिल्लक, मुदतीची तारीख आणि एका पॉइंटाचे मोल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातील एखाद्या शिकत्या मुलाने किंवा मुलीने अर्धा तास बसून ती भरावी. एक-दोन योजनांच्या पलीकडे जाऊ नये. दहा ठिकाणी विखुरलेले शे-दोनशे पॉइंट कोणत्याच तिकिटास पुरत नाहीत.

परंतु पॉइंटांच्या मागे धावताना, जी सवलत कोणत्याही कार्डावाचून आपल्या हक्काची आहे, तीच पुष्कळदा विसरली जाते. आपल्या एस.टी. महामंडळाच्या बसगाड्यांत २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांस विनामूल्य प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांस अर्धे तिकीट आहे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांस अर्धे तिकीट आहे. ह्या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांस तेथील साध्या व एक्सप्रेस बसमध्ये विनामूल्य प्रवास मिळतो, परंतु तो त्या राज्याच्या रहिवाशांस. म्हणजे वरंगळची मावशी तेथे फुकट फिरेल, भिवंडीच्या भाचीस तिकीट काढावे लागेल. ज्यांस चार किंवा सात दिवस सलग फिरावयाचे आहे, त्यांच्यासाठी एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास आहे.

रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांस पूर्वी पुरुषांस ४० व स्त्रियांस ५० टक्के सूट होती. ती २० मार्च २०२० पासून बंद करण्यात आली. आपल्या कित्येक वृद्धांचे गावी जाणे त्यामुळे कमी झाले, ही खेदाची गोष्ट आहे. मात्र रेल्वेची एक जुनी सोय फारच थोड्यांना माहीत असते, ती म्हणजे चक्राकार प्रवासाचे तिकीट. रेल्वेचे भाडे असे आकारतात की अंतर जसजसे वाढते, तसतसा दर मैली पडणारा खर्च उतरत जातो. कल्याणहून सोलापूर, तेथून तिरुपती, पुढे रामेश्वर आणि दुसऱ्या वाटेने परत कल्याण, अशी यात्रा तुकड्यातुकड्यांची तिकिटे काढून केली, तर प्रत्येक तुकडा चढ्या दराने पडतो. तीच एका चक्राकार तिकिटावर केली, तर सगळे अंतर एकत्र धरून भाडे लागते आणि वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरता येते. निघतो तेथेच परत यावे, एवढी अट आहे. मार्ग आधी ठरवून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा लागतो. आरक्षण प्रत्येक टप्प्याचे निराळे करावे लागते. साध्या आरक्षणाविषयी एवढेच सांगतो की १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. लग्नाची तिथी ठरली की साठ दिवस मागे मोजून पंचांगातच खूण करून ठेवावी.

आता मुक्कामाविषयी. परगावी गेल्यावर ज्ञातीच्या धर्मशाळेत उतरण्याची आपली जुनी रीत होती. धर्मशाळेमागे अर्थकारण तर होतेच, पण माणुसकीही होती. संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, त्या आपल्यासाठी नव्हे तर ज्याला कोणी थारा देत नाही त्याच्यासाठी. मुंबईत दादर येथील त्यांच्या मिशनची धर्मशाळा उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या आप्तांस आजही आधार देते. शेगाव व शिर्डी येथील संस्थानांची भक्तनिवासे, तिरुमलेची विनाशुल्क यात्रेकरू दालने, तसेच पुष्कळ रेल्वे स्थानकांवरील विश्रांतिकक्ष ही आजच्या काळातील धर्मशाळांचीच रूपे होत. विश्रांतिकक्ष मिळण्यास निश्चित झालेले रेल्वेचे तिकीट जवळ असावे लागते. पहाटे उतरून दुपारी लग्नास जाणाऱ्या मंडळीस हॉटेलाचे पूर्ण दिवसाचे भाडे भरण्याची गरज नसते.

हॉटेलच घ्यावयाचे असेल, तर दर्शनी भाव आणि देण्याचा भाव ह्यांत फरक करावा. साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे. तो आणि इतर आकार मिळवूनच तुलना करावी. ‘आता एकच खोली उरली आहे’ अशी घाई मोबाइलवर दाखविली जाते. खोटी घाई निर्माण करणे आणि आकार शेवटी उघड करणे, ह्या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक नियमांत अनुचित ठरविल्या आहेत. घाबरून पैसे भरण्याऐवजी हॉटेलास सरळ दूरध्वनी करावा. मध्यस्थाची दलाली वाचत असल्याने मालक पुष्कळदा स्वतःच भाव उतरवितो. खोली रद्द केल्यास पैसे परत मिळतील का, हे आधी विचारावे. आपल्याकडे लग्नाच्या तारखा बदलतात, आणि परत न मिळणारी स्वस्त खोली ही सर्वांत महाग खोली ठरते.

बंधूंनो, आता मी ज्या मुद्द्यासाठी हे सारे सांगितले, त्याकडे वळतो. आपली बहुतेक घरे अद्याप सामाईक आहेत. कारखाना तीन भावांचा. पण कार्ड एकाच्या नावे. टेंपोचे डिझेल, सुट्या भागांची खरेदी, घरचा किराणा, सगळे त्याच कार्डावर जाते. पैसे सामाईक गल्ल्यातून फेडले जातात. पॉइंट मात्र एकाच्या नावावर साठतात. माझ्या पाहण्यातील एका घरात असेच झाले. थोरल्या भावाच्या मुलाने त्या पॉइंटांवर विमानाची तिकिटे काढली आणि मित्रांबरोबर तो गोव्यास जाऊन आला. त्याच वर्षी आजीला तिरुपतीस नेण्याचा बेत खर्चापायी पुढे ढकलला गेला होता. मुलाने चोरी केली नव्हती. पॉइंट त्याच्या वडिलांच्याच नावे होते. परंतु धाकट्या जावेने एका रात्री जेवताना विचारले, “डिझेल कोणाचे होते?” आणि ताटावरची मंडळी गप्प झाली. रक्कम फार नव्हती. पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि पुढे वाटणीच्या वेळी तोच प्रश्न सर्वांच्या तोंडी आला.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की सामाईक खर्चावरील पॉइंट हे सामाईक उत्पन्न समजावे. कायद्याने ते कार्डधारकाचे असतील; घराच्या न्यायाने ते सगळ्यांचे आहेत. घरच्या वहीत त्यांचे पान असावे आणि त्यांवर पहिला हक्क कोणाचा, हे आधीच ठरवावे. माझ्या मते तो घरातील वृद्धांचा असावा, त्यानंतर परीक्षेस किंवा मुलाखतीस जाणाऱ्या मुलामुलींचा. ज्या स्त्रिया वर्षभर घर सांभाळून एकदाच माहेरी जातात, त्यांचा हक्कही त्यांत लिहून ठेवावा. आठवणीवर सोडू नये. आणखी एक व्यावहारिक बाब : अनेक योजनांत खातेदाराच्या मृत्यूनंतर पॉइंट वारसांकडे जात नाहीत. तेव्हा वडिलांच्या नावचे पॉइंट वडिलांच्याच हयातीत, शक्य तर त्यांच्याच यात्रेसाठी वापरावेत, ह्यात औचित्यही आहे आणि शहाणपणही.

शेवटी कार्यकारिणीस दोन नम्र सूचना करतो. आपल्या कचेरीत एक नोंदवही ठेवावी. जो ज्या गावी उतरला, तेथील धर्मशाळा, भक्तनिवास किंवा स्वच्छ व माफक हॉटेलाची माहिती, दिलेला प्रत्यक्ष दर आणि तारीख त्याने परतल्यावर त्यात लिहावी. शंभर घरांचा अनुभव एका ठिकाणी आला, तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा तो अधिक विश्वसनीय ठरेल. दुसरे असे की महिन्यातून एका सायंकाळी कॉलेजातील दोन विद्यार्थ्यांनी कचेरीत बसून वृद्धांस तिकिटे काढून द्यावीत, सवलतींची कागदपत्रे तयार करून द्यावीत. ज्यांस मोबाइल वाचता येत नाही, त्यांनाच आज सर्वांत महाग प्रवास करावा लागतो. ही स्थिती पालटणे आपल्या हाती आहे आणि त्यास देणगीची गरज नाही.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. धोट्याबरोबर वाया जाणारा धागा जो वाचवितो, त्याचे कापड आखूड होत नाही, उलट वीतभर अधिकच निघते. प्रवासात वाचलेला पैसाही तसाच आहे. तो पुन्हा प्रवासासच लावावा, म्हणजे एखादी आजी तिरुपतीस जाऊन येईल, एखादी लेक माहेरी जाईल.