दप्तर राखणाऱ्यांचे शिक्षण



संगणकावरचे दप्तर, म्हणजे डेटाबेस, रचणाऱ्यांनी व राखणाऱ्यांनी काय शिकावे, हा आजचा विषय. कोणी म्हणेल, हा पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांचा प्रश्न. परभणीला त्याचे काय? मी युनियनचा कार्यकर्ता. पदवी माझ्यापाशी नाही. जे थोडे कळते ते पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारून. पण ज्याच्या नावावर दहा गुंठे जमीन आहे, त्या प्रत्येकाचा या प्रश्नाशी संबंध आहे.

तलाठ्याचे दप्तर आठवा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये पीक, आठ-अ मध्ये खातेदाराची सगळी जमीन. सात आणि आठ-अ यांना जोडतो तो खाते क्रमांक. 1970 साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी निबंध लिहून हेच सांगितले, की माहिती तक्त्यांत मांडावी आणि तक्ते अशा समान खुणांनी जोडावेत.

ही खूण नीट निवडणे हा पहिला धडा. 1 मे 1999 रोजी हिंगोली आपल्यापासून वेगळा जिल्हा झाला. गावे जागच्या जागी राहिली, जिल्हा बदलला. प्रत्येक माणसाच्या नोंदीपुढे जिल्हा लिहिलेला असेल, तर हजारो नोंदी दुरुस्त करा. माणसापुढे फक्त गावाचा क्रमांक असेल, तर गावामागे एकच दुरुस्ती पुरे.

दुसरा धडा फेरफाराचा. सातबाऱ्यावर जुने नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. कोणी, केव्हा, कशाच्या आधारे बदलले, ते मागे राहते. संगणकातही तेच हवे.

तिसरा धडा हाताचा. नोंद बदलण्याची आज्ञा देताना 'फक्त या गटापुरती' ही अट लिहायची राहिली, तर साऱ्या गावाची जमीन एका नावावर जाते. यंत्र हूं की चूं करीत नाही. म्हणून आधी नोंदी काढून पाहाव्यात, बदलल्या किती ते मोजावे, आणि मगच बदल कायम करावा.

चौथा धडा नकलेचा. नक्कल रोज निघते एवढ्यावर निजू नये. तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे करून पाहिले नाही, तोवर ती नक्कल नव्हेच. आणि एक नक्कल दुसऱ्या गावी असावी; आग आणि पूर कपाट पाहून येत नाहीत.

हे शिकायला पैसा फारसा लागत नाही. पोस्टग्रेस हे डेटाबेसचे साधन फुकट मिळते. बनावट गाव रचावे, बनावट खातेदार भरावेत, मुद्दाम मोडावे आणि पुन्हा उभारावे. लोकांच्या खऱ्या नोंदींवर मात्र हात साफ करू नये.

पैसा लागत नाही, पण वेळ लागतो. तो कोणी द्यायचा? 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात संगणकाविषयी करार झाला. यंत्र आले की वाटाघाटीला बसावे, हे तेव्हा कामगारांनी दाखवले. आता मागणी पुढची हवी. कंत्राटावरच्या मुलाला पडद्यावरची चार बटणे तेवढी दाखवतात, दिवसाला इतक्या नोंदी म्हणून हाकतात, आणि नोंद चुकली की त्याचीच मान धरतात. कायद्याच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो खरा. पण तोवर शेतकऱ्याचे कर्ज अडते आणि तहसिलीचे हेलपाटे तोच घालतो. म्हणून शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरावेत, पगारी धरावेत.

आणि त्या मुलांनाही माझे सांगणे आहे. तास मिळाले तर ते चहात घालवू नका. लोढणीवर कापसाबरोबर राबणारा कामगार आवाजावरून यंत्राचे दुखणे ओळखत असे. म्हणून मालकाला त्याचे ऐकावे लागे. तुमच्या हाती तर लोकांच्या जमिनी आहेत. ज्याला आपले काम मुळापासून कळते, त्याची मागणी सहसा कोणी झिडकारीत नाही.