मेडिक्लेमचं वाळवण



मार्चअखेर गच्चीवर कुरडया वाळू लागतात आणि त्याच सुमारास बऱ्याच कंपन्यांत मेल येतो: मेडिक्लेमचं नूतनीकरण आहे, नावं तपासा, मुदत दोन आठवडे. आपण 'गेल्या वर्षीचंच चालू ठेवा' यावर बोट टेकवतो आणि जेवायला जातो. सव्वीस वर्षं मी पगार-विभागात होते. पुढे वर्षभर कुणाकुणाला ते बोट कसं महागात पडलं, तेही पाहिलं.

आई गहू भिजत घालण्याआधी डबे उघडून बघायची. जुन्या कुरडयांना जाळी धरली का, यंदा घरात माणसं किती, सुनेचं बाळंतपण आहे का. ऊन आहे तोवर करायचं. वळीव कोसळला की राहिलं ते राहिलं. इथेही मुदत टळली की आईवडिलांचं नाव घालायला पुढचं वर्ष उजाडतं. मध्येच घेतात ते नव्याने लग्न झालेल्या जोडीदाराला आणि नवजात बाळाला, तेही बहुतेक ठिकाणी तीस दिवसांत कळवलं तर.

आईवडिलांच्या हप्त्यासाठी पगारातून पैसे कापले जातात म्हणून कुरकुरू नका. वडिलांना मधुमेह असेल तर वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं.

पण मला खरं सांगायचंय ते रूम रेंटबद्दल. 'तीन लाखांचं कव्हर' हा डब्याचा आकार झाला; आत मापटं केवढं आहे ते बघा. रूम रेंटची मर्यादा एक टक्का असेल, तर खोलीसाठी दिवसाला तीन हजार. आमच्याकडचे एक ऑपरेटर सासूबाईंचं बिल कापडी पिशवीत घेऊन माझ्या टेबलाशी आले. खोली सहा हजारांची, मुक्काम पाच दिवस. त्यांचा हिशोब असा की वरचे पंधरा हजार आपण भरू. तसं नसतं हो! खोली दुप्पट घेतली म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच निम्म्यावर आलं. ते एक लाख होते, त्यातले पन्नास हजार गेले. पंधरा आणि पन्नास, पासष्ट हजार खिशातून. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, एवढाच दिलासा. डबा तीन लाखांचाच होता, श्रोतेहो. मापटं कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून पुन्हा सांगते, कव्हरचा आकडा नंतर, रूम रेंटची ओळ आधी. मर्यादा असेल तर दाखल होतानाच तेवढ्या भाड्याची खोली मागा. आईवडिलांसाठी को-पे किती, तेही विचारा. वीस टक्के असेल तर लाखाच्या मंजूर बिलात वीस हजार तुमचे. 

नावं तपासताच आहात तर आणखी एक सांगतेच. पीएफला लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न झाल्यावर बाद होतं. नवं करावं लागतं. मुलांनो, किती जणांनी केलंय?

आज रात्री जेवणं झाली की घरातल्यांना शेजारी बसवा, तो मेल उघडा आणि रूम रेंटची ओळ मोठ्याने वाचा.